कोरा चौकोन

गार्लंड परडी पडला तेव्हा आम्ही सगळे हसलो. सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचा हॉकीचा सामना, आणि गार्लंड म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा नकलाकार. आपल्या बाजूचा गोल झाला की बर्फावर आडवा होऊन मेल्याचं सोंग करायचा. त्या दिवशी मात्र गोल झाला नव्हता. तो मध्यावर काठी टेकून उभा होता आणि उभ्याचा आडवा झाला. तोंडावर, हात पुढे न करता. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "ऊठ रे मेल्या!" सगळ्यांच्या आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. ती साध्या बुटांनीच बर्फावर धावली, दोनदा घसरून पडली. गार्लंड एकतीस वर्षांचा होता.

आमच्या गल आर्म गावात या मरणाला नाव होतं, 'परडींचं पडणं'. त्या घराण्यातला एक जण चर्चच्या घंटेची दोरी ओढताना गेला होता, एक जण घसरगाडीत लाकडं भरताना, एक लग्नानंतर नवव्या दिवशी सूपाचा चमचा हातात धरून. कुणी शाप म्हणायचं, कुणी रक्तातली खोट. मोठ्यानं कुणीच काही म्हणायचं नाही.

मी गावच्या दवाखान्यात कारकून आहे. मार्चमध्ये, धक्क्याला अजून बर्फ चिकटलेलं असताना, सेंट जॉन्सच्या मोठ्या हॉस्पिटलातून एक नर्स आली. फिलोमिना ड्वायर तिचं नाव. पन्नाशीची, बुटकी, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. काखेत कागदाची ही मोठी गुंडाळी. तिथल्या डॉक्टरांनी तिला परडींची वंशावळ काढायला पाठवलं होतं.

"मरीना हायन्स तूच ना? गावात कोण कुणाचं ते तुला माहीत असतं म्हणे."

"सगळं नाही," मी म्हणाले. "पण जे मला माहीत नाही ते कुणाला विचारायचं, ते माहीत आहे."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून आम्ही कागद पसरला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. गेलेल्यावर तिरपी रेघ. आणि जो धडधाकट असताना, काही कारण नसताना अचानक गेला, त्याचा चौकोन काळा भरायचा. सगळ्यांत वर आयझॅक परडी, गलबतातून उतरून इथे राहिलेला, आणि त्याच्याखाली सहा पिढ्या. चर्चच्या नोंदवह्या झाल्या, थडग्यांवरच्या तारखा खरवडून वाचून झाल्या, म्हाताऱ्या बायकांच्या चहाचे कपावर कप झाले. दहा दिवसांत कागदावर एकोणीस काळे चौकोन उभे राहिले. त्यातल्या सात जणांना मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"हृदयातलं हे दुखणं आईबापांपैकी एकात असलं की प्रत्येक मुलाचा छापा-काटा," फिलोमिना म्हणाली. "निम्मी शक्यता. मिळालं नाही, तर त्याच्यापुढे ती ओळ तिथंच तुटली. बायकांतही असतं, पण त्या बऱ्याचदा म्हाताऱ्या होईपर्यंत जगतात. म्हणून हे गोल फसवतात मला."

माझी आजी ट्रायफिना परडींची लेक. ती हायन्सांकडे दिलेली. ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेली. तिला एकच मुलगा, माझे वडील नेथन. ते छत्तिसाव्या वर्षी बुडाले. आमच्याकडे बुडण्याला आणखी कारण शोधत नाहीत, निम्म्या गावाचे बाप बुडालेले आहेत. त्यामुळे आमची फांदी पांढरीच राहिली होती, आणि इतके दिवस मी त्या कागदाकडे दुसऱ्याच्या घराला लागलेली आग बघावी तशी बघत होते.

"तुझे वडील?" फिलोमिनानं विचारलं.

"बुडाले. सहासष्टच्या जुलैत."

"हवा कशी होती त्या दिवशी?"

ती गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती आणि तिची सुरुवात नेहमी एकच असायची, पाणी आरशासारखं होतं. "वारा नव्हता," मी म्हणाले. "अजिबात."

"होडीत एकटेच होते?"

"नाही, अँब्रोझकाका होते बरोबर. त्यांनी लगेच बाहेर काढलं."

'लगेच' हा शब्द बोलले आणि तो माझ्याच कानाला टोचला.

फिलोमिना कागदावर वाकली. गोळी या गालातून त्या गालात गेली. तिनं पेन्सिलनं वडिलांच्या कोऱ्या चौकोनाशेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. मग खाली माझ्या भावाच्या, सेल्बीच्या चौकोनाशेजारी. मग माझ्या गोलाशेजारी.

"नुसती पेन्सिल आहे गं," ती म्हणाली. "खोडता येते."

पण माझी नजर सेल्बीच्या चौकोनावरून हलेना. कारण गेल्या ऑक्टोबरात सेल्बी मासे साफ करायच्या खोपीत पडला होता, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी दारात होते. तो बादल्यांमध्ये पडला, डोळे उघडेच, पण डोळ्यांत कुणी नाही. मग श्वास घेतला, उठला आणि म्हणाला, "पटकन उभा राहिलो ना, म्हणून. आईला सांगशील तर बघ." मी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला ती गोष्ट सांगण्याएवढी वाटलीच नव्हती.

संध्याकाळी आईकडे गेले. आई, एफी हायन्स, तेव्हा सदुसष्टची होती. ती पावाचं पीठ मळत होती.

"आई, बाबा बुडाले त्या दिवशी नक्की काय झालं?"

"काय व्हायचंय? बुडाला."

"शांत पाण्यात?"

"पाणी शांत असलं म्हणून ओलं नसतं का?" आई म्हणाली. पण तिचे हात पिठात थांबले होते. "त्या गुंडाळीवाल्या बाईनं डोक्यात भरवलंय ना हे? तिला सांग, आमचा कागद कोरा आहे आणि कोराच राहू दे. परडींचं परडींकडे."

"आजी परडीच होती, आई."

"ब्याऐंशी वर्षं जगली माझी सासू! दात शाबूत घेऊन गेली!"

तेवढ्यात सेल्बी आला. मागल्या दारातून, बूट न काढता, नेहमीसारखा. ताटलीतला सकाळचा टाउटन, पावाच्या पिठाची तळलेली पोळी, उचलला आणि त्यावर काकवी ओतली. "काय गं, दोघी मांजरींसारख्या का फुरफुरताय?"

"काही नाही," आई म्हणाली. "तुझी बहीण शिकली-सवरलेली झालीये."

"आत्ता? एकोणचाळिसाव्या वर्षी? उशीरच केलास की बये."

तो हसत खात होता आणि आई त्याच्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, छातीकडे. श्वासाबरोबर शर्ट वरखाली होतोय का, तेवढंच. ती नजर मी जन्मभर बघत आले होते. आईला सेल्बीचं कौतुक जास्त, म्हणून ती अशी बघते, असं मला वाटायचं आणि लहानपणी त्याचा रागही यायचा. त्या दिवशी मला कळलं की ते कौतुक नव्हतं. मग मला खरी भीती वाटली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अँब्रोझ स्नूककाकांकडे गेले. खाडीच्या टोकाला त्यांचं घर. स्टोव्हजवळ बसून ते खेकड्यांच्या पिंजऱ्यांची जाळी विणत होते. सत्तरीतही बोटं झरझर चालायची.

"ये पोरी. चहा घे, किटलीत आहे."

"काका, मला तो दिवस सांगा."

कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. गोष्ट सुरू केली. पाणी आरशासारखं. तुझा बाप पुढच्या टोकाला उभा. जाळ्याची दोरी अडकली, ती सोडवायला वाकला, तोल गेला. तेच शब्द, त्याच क्रमानं, शाळेतली प्रार्थना म्हणावी तसे.

"किती वेळ होते पाण्यात?"

"आता कसं सांगू? तेहेतीस वर्षं झाली."

"काका, मी दवाखान्यात काम करते. बुडालेला माणूस बाहेर काढला की काय काय होतं ते मला माहीत आहे. तोंडातून पाणी आलं का?"

त्यांची बोटं थांबली.  मग म्हणाले, "सेल्बी किती वर्षांचा झाला आता?"

"छत्तीस. एप्रिलात सदतीस."

म्हाताऱ्याच्या हातातली विणायची सुई खाली पडली. मी ती उचलून दिली.

"मला नको विचारू," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तुझ्या आईला. तुझ्या बापाच्या शवपेटीवर हात ठेवून. आता जा तू."

मी परत निघाले. वाटेवर बर्फ वितळून चिखल झाला होता. मला धावायचं होतं, पण कुठे धावायचं ते कळत नव्हतं. सेल्बीला काय सांगणार? एका म्हाताऱ्यानं सुई पाडली, एवढंच माझ्या हातात होतं. आणि दहा दिवसांत खेकड्यांचा हंगाम सुरू होणार होता. सेल्बीची बोट, चार माणसं, किनाऱ्यापासून ऐंशी मैल आत.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर बोट पाण्यात ढकलायची होती. आमच्याकडे त्याला सगळं गाव येतं. ओंडके टाकायचे, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा माणसं, आणि कुणीतरी गाणं म्हणत जोर लावायचा. बायका वरच्या बाजूला चहाच्या किटल्या घेऊन उभ्या. सेल्बी पुढे होता, खांदा बोटीला लावून. पहिला जोर झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला बोट हलली, सगळे ओरडले, आणि सेल्बी बोटीवरून हात सुटल्यासारखा खाली बसला आणि मग कुशीवर कलंडला.

मी मोजायला लागले. का ते माहीत नाही. एक, दोन, तीन. कुणी म्हणालं, "दमला रे कॅप्टन!" चार, पाच. लोक हसले. गार्लंडला जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि ते हसले. सहा, सात. त्याचा चेहरा ओल्या वाळूच्या रंगाचा झाला होता. आठ, नऊ, दहा. मी तिथवर पोचले. अकराला त्यानं मोठा श्वास ओढला.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"तू घसरला नाहीस."

"गप बस मरीना. लोक बघतायत."

लोक बघत नव्हते, परत बोटीला लागले होते. बघणारे तिघंच होते. मी, वर किटली घेऊन उभी असलेली आई, आणि काठी टेकत चढावर निघालेले अँब्रोझकाका. ते आईसमोर जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. मी मागून धावत आले होते, मला सगळं ऐकू आलं.

"एफी, मला शब्दातून मोकळं कर."

"लोकांसमोर काय चाललंय तुझं, अँब्रोझ?"

"मोकळं कर, नाहीतर मी तसाच बोलतो. देव काय करायचं ते करो माझं. नेथनच्या तोंडावर हेच होतं. हाच रंग होता."

आईच्या हातातली किटली कलली, चहा तिच्या बुटांवर सांडत राहिला. तिला जाणवलंच नाही. मग ती वळून घराकडे निघाली. भराभर, जवळजवळ पळतच. आम्ही दोघं तिच्या मागं.

स्वयंपाकघरात ती कोट न काढताच बसली आणि स्वतःच बोलली. अँब्रोझकाकांना तोंड उघडावं लागलं नाही.

वडील पाण्यात पडले होते, पण ते बुडाले नव्हते. होडीत उभे राहून ते पाद्रीबुवांची नक्कल करत होते. वाक्याच्या मधोमध थांबले आणि पडले. अँब्रोझकाकांनी गळाच्या काठीनं कोट धरून मिनिटाच्या आत त्यांना वर ओढलं. तोंडातून थेंबभर पाणी आलं नाही. ते पडण्याआधीच गेले होते.

"त्याच वसंतात त्याचा मामेभाऊ गेला होता, तसाच," आई म्हणाली. "परडींच्या पोरांना कुणी बोटीवर घेत नव्हतं. अपशकुनी म्हणायचे. पोरी द्यायला तयार नव्हते. माझ्या पदरात तुम्ही दोघं, सहा वर्षांची आणि चार वर्षांचा. मी अँब्रोझला म्हटलं, बुडाला म्हण. समुद्रानं नेलेल्याच्या पोरांकडे कुणी बोट दाखवत नाही."

"आणि नंतर? आम्ही मोठे झाल्यावर?"

"नंतर मला वाटायला लागलं, की बोललं नाही तर येणार नाही." तिनं तोंडावर हात घेतला. "त्याचा प्रत्येक वाढदिवस मी कसा काढलाय, मरीना. केक करायचा आणि मनात म्हणायचं, अजून एक वर्ष, अजून एक. तो झोपला की मी दाराशी उभी राहायचे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेला तेव्हा वाटलं, आता कोण बघणार?"

मी तिच्यावर ओरडायला आले होते. ओरडता आलं नाही. आम्ही तिघं बसलो होतो आणि खालून बोट पाण्यात गेल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता.

सेल्बीला मी त्याच दिवशी सांगितलं. तो आधी हसला, मग त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"म्हणजे काय, हंगाम सोडून मी सेंट जॉन्सला जाऊन हात पुढे करू? आणि ते म्हणाले, हो बाबा, तू काळाच आहेस, तर? बोट कोण चालवणार? तू?"

"गार्लंड एकतीसचा होता."

"मला ठाऊक आहे तो कितीचा होता! त्याची पेटी उचललीये मी!" मग आवाज खाली गेला. "पडायचं असेल तर पडेन. पण पडेपर्यंत मला माहीत नसू दे. तेवढं तरी राहू दे मला."

त्याची बायको भिंतीशी उभी राहून रडत होती. तिचं त्यानं ऐकलं नाही, माझंही नाही. बुधवारी आई दवाखान्यात आली. माझ्याकडे न बघता ती फिलोमिनासमोर बसली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "पेन्सिल द्या."

"मिसेस हायन्स, मी भरते ना."

"माझा नवरा आहे तो."

तिनं चौकोन काळा केला. हळूहळू, कोपऱ्यांपर्यंत, रेघेबाहेर जाऊ न देता. वेळ लागला. तिच्या शेजारी सेल्बीची मुलगी उभी होती. क्रिस्टा, चौदा वर्षांची, आजीला हाताला धरून तीच घेऊन आली होती. ती वाकून कागद बघत होती. आजोबांच्या काळ्या चौकोनातून रेघ खाली बापाकडे येत होती, आणि बापाकडून आणखी खाली एका रिकाम्या गोलाकडे.

"ही मी?" तिनं विचारलं.

फिलोमिनानं मान डोलावली.

"माझ्याजवळ पण प्रश्नचिन्ह काढणार?"

"तुझ्या बाबांचं कळलं की मग ठरेल. कदाचित काढावंच लागणार नाही."

"आणि त्यांनी कळूच दिलं नाही तर?"

आईनं पेन्सिल खाली ठेवली. संध्याकाळी क्रिस्टानं बापाला काय म्हटलं ते मी ऐकलेलं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत नसू दे असं वाटतं ना, मग मी पण माहीत नसलेलीच मोठी होऊ का?" सेल्बी उठून बाहेर गेला, लाकडांच्या ढिगाजवळ बसून राहिला. सकाळी त्यानं बोट आपल्या साडूच्या हवाली केली.

सेंट जॉन्सला गाडीनं नऊ तास लागतात. आई, सेल्बी आणि मी, तिघांचं रक्त घेतलं. तेव्हा एकट्याच्या रक्तावरून कळत नसे. घराण्यातल्या पुष्कळांचं ताडून बघावं लागे. मग सात आठवडे वाट पाहणं. ते सात आठवडे मला नीट आठवतही नाहीत. सेल्बीला जोराचं काम मना होतं. तो खिडकीतून आपली बोट बाहेर जाताना बघायचा आणि ती वळणाआड गेली की ताटली भिरकवायचा. मला स्वतःचं हृदय ऐकू यायला लागलं होतं. पायऱ्या चढताना, जेवताना, फोनवर बोलताना. एक ठोका जरा पुढेमागे झाला की मी भिंत धरायचे. लग्न टिकलं नाही म्हणून, मूलबाळ नाही म्हणून मी कधी देवाचे आभार मानले नव्हते. त्या मे महिन्यात मानले.

निकाल सांगायला त्यांनी दोघांना एकत्र बोलावलं. सेल्बीला होतं. मला नव्हतं.

डॉक्टर पुढे बोलत होत्या, मी ऐकत नव्हते. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. आनंद झाला होता. आणि भाऊ भिंतीपलीकडे बसला होता. बाहेर आले तर तो म्हणाला, "बरं झालं. आईचं म्हातारपण बघायला कुणीतरी हवंच होतं." मग माझा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. लहानपणी शाळेत जातानाही त्यानं कधी माझा हात धरला नव्हता.

जूनमध्ये त्याच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काड्यापेटीहून जरा मोठं यंत्र बसवलं. हृदय भलतंच धावायला लागलं की ते आतूनच झटका देतं. बोट त्यानं विकली. गाडी चालवायची नाही, एकट्यानं पाण्यावर जायचं नाही. कधीकाळी चाळीस पिंजरे एका दमात ओढणारा माणूस घरात बसून मुलीचे मोजे वाळत घालायला लागला.

ऑक्टोबरात यंत्र पहिल्यांदा चाललं. आईच्या अंगणात तो काटक्या गोळा करत होता, मी आणि आई आत होतो. आधी धप्प असा आवाज आला. आई जागच्या जागी गोठली. मी दाराकडे धावले, पण मला कडी सापडेना. जन्मभर उघडलेल्या दाराची कडी. आणि मग बाहेरून सेल्बी ओरडला. घाणेरडी शिवी होती, धक्क्यावरची, चर्चला जाणाऱ्या बाईनं ऐकू नये अशी.

"ओरडला," आई म्हणाली. "मरीना, ओरडला तो!" आणि ती खुर्चीत बसून हसायला लागली, रडतही होती.

तो चिखलात बसला होता, छाती धरून. "घोड्यानं लाथ मारली," तो म्हणाला. दात वाजत होते. "आतून."

त्यानंतर त्याची भीती गेली असं कुणी म्हणेल, तर नाही. पहिले सहा महिने तो सरळ झोपलाच नाही, उशा लावून बसून असायचा. काटकी उचलायला घाबरायचा. मरणाला नव्हे, त्या लाथेला. एकदा मला म्हणाला, "बाबांचं बरं होतं गं. नक्कल करता करता." मी त्याला पहिल्यांदाच खूप बोलले. मग दोघांनी मिळून चहा केला.

हळूहळू दिवस जायला लागले. यंत्र चार वर्षांत तीनदा चाललं आणि तिन्ही वेळा तो शिव्या देत उठला. आईचं बघून आणखी दोन घरांनी तोंड उघडलं आणि तीही फिलोमिनाच्या कागदावर जोडली गेली. त्यातल्या एका घरात बावीस वर्षांच्या मुलीला यंत्र बसलं आहे. अँब्रोझकाका दोन हिवाळ्यांनंतर गेले, अंथरुणात, सर्दी होऊन.

क्रिस्टा अठराची झाली तेव्हा तिनं आधी मला फोन केला. "आत्या, मला रक्त द्यायचंय. बाबांना नको सांगू."

"नाही," मी म्हणाले. "बाबांना सांगायचं. नाहीतर मी येणार नाही."

निकालाच्या दिवशी मी गाडी चालवत होते, ती शेजारी, सेल्बी मागं. नऊ तासांत तो तीनच वाक्यं बोलला आणि तिन्ही रेडिओवरच्या गाण्यांना नावं ठेवणारी. हॉस्पिटलमध्ये क्रिस्टाचं नाव पुकारलं तेव्हा आम्ही दोघं उठलो. ती म्हणाली, "बसा," आणि एकटीच आत गेली.

आम्ही बसलो. सेल्बीचा हात गळ्याच्या हाडाखाली, त्या फुगवट्यावर होता. यंत्र आत्ता चाललं तर इथंच चालेल, निदान डॉक्टर तरी जवळ आहेत, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं मी टाळत होते. वीस मिनिटं झाली असतील. दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही, ती रडलेली होती आणि मला वाटलं, झालं.

"नाही," क्रिस्टा म्हणाली. "मला नाहीये."

"पुन्हा सांग," सेल्बी म्हणाला.

"नाहीये, बाबा."

"पुन्हा."

ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली आणि पुन्हा म्हणाली. त्यानं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

परतताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही चिप्स आणि मासे खाल्ले. क्रिस्टानं दोन ताटल्या संपवल्या आणि मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली. सेल्बी पुढे येऊन बसला होता. तो बाहेरची काळ्या स्प्रूसची झाडं बघत होता.

"आता भ्यायचं ते माझ्यापुरतंच," तो म्हणाला. "तेवढं जमेल मला."

मग त्यानं मागं वळून, तिचा कोट सरकला होता तो तिच्या खांद्यावर ओढला आणि श्वास चालू आहे ना ते जरा वेळ बघत बसला.